कागदावरची नात

१२ फेब्रुवारी, सोमवार

टपालपेटीत आज पत्र होतं. माझ्या नावाचं नव्हे, पण माझ्या पत्त्यावरचं. ‘कुमारी इलिंका ब्रेतान, द्वारा वेतुरिया होस्सू, दुसरा मजला, घर क्रमांक आठ.’ मुलांच्या दवाखान्याचं छापील पत्र, लसीची तारीख कळवणारं. एकतीस वर्षं टपाल कचेरीत पत्रं निवडली, लाखो नावं हाताखालून गेली. पण आपल्या नावाशेजारी एखाद्या पोरीचं नाव वाचायला किती बरं वाटतं, हे सत्तराव्या वर्षी कळलं.

लगेच फोन केला. इलिंकाची आई कोद्रुत्सा दंतवैद्याकडे कामाला आहे आणि फोन तिथूनच घेते, त्यामुळे तिच्या बोलण्यामागे कायम कुणाचा तरी दात कोरला जात असतो.

“फेकून द्या हो काकू. मला मोबाइलवर आलंय ते.”

दुसऱ्याचं पत्र फेकणं माझ्या हातून व्हायचं नाही. घड्याळामागे ठेवलंय. रविवारी आल्या की देईन.

१८ फेब्रुवारी

रविवार. आल्या नाहीत. इलिंकाला सर्दी.

हे सगळं कसं झालं ते एकदा लिहून ठेवते. नोव्हेंबरमध्ये दाढ काढायला गेले होते. तोंडात कापूस, म्हणजे मला ऐकून घेण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. कोद्रुत्सा सांगत होती की ती टेकडीवरच्या नव्या इमारतींत राहते. त्या इमारती पावसाळी अळंब्यांसारख्या उगवल्या, पण शाळा बांधायची आठवण कुणालाच राहिली नाही. पोरीला सप्टेंबरमध्ये पहिलीच्या आधीच्या वर्गात घालायचं. चांगली शाळा एकच, आमची सतरा नंबरची, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्या मैदानातली पोरं मोजता येतात. टेकडीवाल्यांना तिथे घेतील की नाही याचा भरवसा नाही.

“इलिंकाला आजी नाही हो,” ती म्हणाली. “तुमच्याकडे आमचं फ्लोतांत करून दिलंत तर दर रविवारी घेऊन येईन तिला.”

कापूस काढल्याबरोबर मी हो म्हणाले.

फ्लोतांत म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याची नोंद. नोंदणी कचेरीत कोद्रुत्साबरोबर उभी राहिले, ‘होय, या दोघी माझ्याकडे राहतात’ म्हणाले, सही केली. आयुष्यातला माझा पहिला खोटा पत्ता. चुकीच्या पत्त्यांची पत्रं शोधून शोधून ज्या बाईनं जागेवर पोचवली, तिनं हे करावं! पण खरं लिहायचं तर त्या रात्री मला छान झोप लागली.

त्यानंतर दोनदा आल्या. एकदा डिसेंबरच्या सुरुवातीला आणि एकदा नाताळात, पंधरा मिनिटं. गाडी वाटेत उभी होती.

१ मार्च

मार्त्सिशोर. लाल-पांढऱ्या दोऱ्यात काहीतरी ओवून बायकांच्या छातीवर लावायचा दिवस. नोकरीत होते तेव्हा माझ्या कोटाला जागा उरायची नाही. सकाळी निळा पोशाख इस्त्री करून बसले. म्हटलं, बालवाडी सुटली की येतील.

चारला दार वाजलं. वरच्या मजल्यावरची रुक्सी. हिची आई दोरिना पहाटे वायरीच्या कारखान्यात जाते आणि दुपारी कुठल्याशा कचेऱ्या झाडते. बाप कुठे आहे ते मी विचारलेलं नाही. दुपारभर पोरगी माझ्या डोक्यावर धाडधाड उड्या मारते आणि कंटाळली की खाली येते.

“खालची आजी, हे घे. बटण आईच्या कोटाचं आहे, तिला सांगू नको.”

खालची आजी! मी काय तळघर आहे? लावून घेतलं, पोरीचा हिरमोड कशाला. पाच मिनिटं म्हणून आत आली ती साडेसहाला गेली. जर्दाळूचा मुरंबा घातलेली चार धिरडी खाल्ली. टेबल, खुर्ची, दाराची मूठ, सगळं चिकट करून ठेवलं. पुसता पुसता माझी संध्याकाळ गेली.

इलिंकाकडून काही नाही. कोद्रुत्सानं मोबाइलवर फुलाचं चित्र पाठवलं.

९ मार्च, शनिवार

शाळेत सभा. असली सभा मी कारखाने बंद पडले त्या साली शेवटची पाहिली होती.

व्यायामशाळेत भरली, म्हणजे जे काय तिचं उरलंय त्यात. वर्ग पुरत नाहीत म्हणून मधोमध प्लायवूड ठोकून अर्ध्या भागात चौथीचा वर्ग भरवतात. शाळा दोन पाळ्यांत चालते, ग्रंथालयाचाही वर्ग झाला. एका बाकावर तीन-तीन पोरं. शिक्षण खात्याच्या बाईनं भिंतीवर नकाशा लावला. त्यावर लाल रेघ. रेघेच्या अलीकडचे सतराला, पलीकडचे रेल्वेरुळांपलीकडच्या तेवीस नंबरला.

टेकडी रेघेच्या पलीकडे गेली होती. गोंधळ सुरू.

“आम्ही काय चंद्रावर राहतो? कर घेताना टेकडी शहरात असते, शाळेच्या वेळी खेड्यात जाते होय?” टेकडीवरचा एक दाढीवाला बाप ओरडला.

आमच्या जिन्याचे कारभारी पिंत्या उठले. पिंत्यांना मुलं नाहीत, पण मत प्रत्येक गोष्टीवर आहे. “घरं घेताना शाळा कुठे ते नाही पाहिलंत? स्वयंपाकघराच्या फरश्या बरोबर पाहिल्यात!”

“तुमच्या पोटात का दुखतंय? तुमचं कोण शिकतंय इथे?”

“मी शिकलोय इथे!”

“ते दिसतंच आहे!”

एवढ्यात प्लायवूडमागून तीस-पस्तीस पोरं एका सुरात पाढे म्हणू लागली. शनिवारीही जादा तास होता. साताचा पाढा संपेपर्यंत सगळा जमाव गप्प बसून राहिला. मग पुन्हा भांडण.

शेवटी ठरलं : आमचा रस्ता सतरामध्ये, टेकडी तेवीसमध्ये. आमची मंडळी टाळ्या पिटत होती. पिंत्या म्हणाले, “आता एकच ढेकूण राहिला. फ्लोतांतवाले. राहायचं टेकडीवर आणि कागदावर आमच्या उशाशी!”

मी खाली बघत हातमोजे घातले. माझ्या शेजारी दोरिना बसली होती, कामाच्या कपड्यांत. तिला पेंग येत होती.

संध्याकाळी कोद्रुत्साचा फोन. “काकू, तुम्ही नसता तर आमचं काय झालं असतं!” दात कोरल्याचा आवाज नव्हता. खास घरून केला होता फोन.

२२ मार्च

दोरिना आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

“काकू, एक मागायचं होतं. घरमालक इटलीत. भाड्याचा करार लिहून देत नाही, आमची नावं नोंदवू देत नाही. म्हणतो, कर लागतो. त्यामुळे कागदावर आमचं घर रिकामंच आहे, आम्ही अजून गावाकडेच राहतो. रुक्सीला सतरात घेत नाहीत. तुम्ही फ्लोतांत करून दिलंत तर...”

मी ताठ झाले. “दोरिना, मी टपाल खात्यातली बाई. खोट्या पत्त्याखाली सही करत नाही.”

“खोटा कसला काकू? आम्ही तुमच्या डोक्यावरच राहतो की.”

 ती सांगत राहिली. कारखान्याच्या दारातली बालवाडी पहाटे साडेपाचला पोरं घेते, पण सप्टेंबरनंतर नाही. सतरा नंबर म्हणजे अंगण ओलांडलं की आलं, पोरगी एकटी जाईल. तेवीसला जायचं तर रुळांवरचा लोखंडी पूल आणि चाळीस मिनिटं. ती पाळीवर असताना नेणार कोण? नाहीतर पोरीला गावी आईकडे ठेवावं लागेल. “मग मी तिला नाताळात आणि ईस्टरला बघणार,” ती म्हणाली.

मी पुन्हा नाही म्हटलं. दोन खोल्यांत दोन-दोन कुटुंबं दाखवली तर कचेरीतल्या आंधळ्यालाही संशय येईल आणि इलिंकाचंही जाईल. ज्याला आधी शब्द दिला त्याचं आधी. यात काय चुकलं?

जाताना ती “माफ करा हं, त्रास दिला” म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

२६ मार्च

पिंत्या अर्ज घेऊन आले. ‘खोट्या फ्लोतांतांची पोलिसांकडून घरोघर तपासणी व्हावी.’ जिन्यातल्या दहा जणांच्या सह्या झालेल्या. मी अकरावी. काय करणार? न करणारी एकटी मीच दिसले असते.

“तुमच्यासारख्या सरळ माणसांमुळे ही इमारत उभी आहे, वेतुरियाबाई,” ते म्हणाले. दार लावल्यावर मी पाणी प्यायले.

१६ एप्रिल

आमच्याच अर्जाचं फळ : खाली सूचना लागली आहे. महिनाअखेरीपर्यंत पोलीस प्रत्येक फ्लोतांत तपासणार. माणसं खरोखर राहतात का, हे घरात येऊन पाहणार.

कोद्रुत्साला फोन केला. “दोन वस्तू तिच्या ठेवा की काकू. सकाळी आई कामावर, मूल बालवाडीत, असं सांगायचं.”

माझ्या मुलाचा, लिव्यूचाही आज फोन होता, स्पेनमधल्या सारागोसाहून. त्याला सांगायची चूक केली. “आई, तुला वेड लागलंय का? कुणाची कोण ती! मी म्हणत होतो, रोमानियात काय ठेवलंय, इकडे ये.” तिकडे त्यांच्या घरात माझी सोय बैठकीतल्या सोफ्यावर आहे, हे तो बोलत नाही आणि मीही काढत नाही.

२० एप्रिल

किती दिवसांनी इतकं काम केलं! लिव्यूचा लहानपणचा पलंग कोठीतून ओढून काढला, घासला, खिडकीखाली लावला. पिवळी चादर. बाजारातून दातांचा ब्रश, केसांच्या पिना, सशाच्या कानांच्या सपाता आणल्या. न्हाणीघरात माझ्या ब्रशशेजारी तो इवलासा ब्रश ठेवला आणि उगीच दोन-तीनदा जाऊन बघून आले.

कोद्रुत्सा संध्याकाळी कपड्यांची पिशवी दारातच देऊन गेली. उघडून पाहिलं तर चार वर्षांच्या पोरीचे कपडे, सगळे आखूड. इलिंका सहाची आहे. तरी इस्त्री करून खणात लावले.

२३ एप्रिल

सपाता कोऱ्या करकरीत दिसतात. पोलीस काय दुधखुळा असतो? तेवढ्यात रुक्सी आली, तिला घालायला दिल्या. दुपारभर घरात फटफट चालली. टाच चांगली दबली. पलंगावरही लोळून झालं, चादरीला सुरकुत्या पडल्या. ब्रशनं दात घासले, म्हणाली, “माझ्या ब्रशपेक्षा मऊ आहे.”

पोरगी अशी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

मग चित्रं काढायला बसवलं. तिनं एक घर काढलं, एका खिडकीत मोठं डोकं, वरच्या खिडकीत लहान डोकं. बरं होतं. फ्रिजवर लावलं आणि कोपऱ्यात, पोराच्या हातचं वाटेल अशा वाकड्या अक्षरांत ‘इलिंका’ लिहिलं.

रुक्सीला अजून वाचता येत नाही. “काय लिहिलं?”

“नाव.”

“माझं?”

हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? ती खुर्चीवर चढून त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली, आपलं नाव शिकायला. मी तिला खाली उतरवलं, पडेल म्हणून.

२९ एप्रिल, सोमवार

आले आणि गेले! मोठी सुटका झाली.

दुपारी तीनला बेल. तरुण पोलीस, दाढीही धड न उगवलेला, हातात फायलींची थप्पी.  बालवाडीचं वाक्य मी पाठ करून ठेवलं होतं, पण ते सकाळसाठी होतं. दुपारी तीनचं कोण येईल हे डोक्यातच नव्हतं.

आणि टेबलापाशी रुक्सी बसलेली. सशाच्या सपाता पायांत, तोंड मुरंब्यानं माखलेलं. बालवाडीला ईस्टरची सुट्टी.

पोलिसानं कागदात पाहिलं, मग तिच्याकडे. “म्हणजे ही इलिंका?”

माझ्या तोंडून गेलं, “हो.”

तो तिच्यापुढे वाकला. “इलिंका नाव का तुझं?”

रुक्सीनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी काही खूण केली नाही, शपथेवर सांगते, मी फक्त तिच्याकडे बघत होते. मग ती म्हणाली, “हो. इलिंका.”

“आणि ही कोण?”

“माझी आजी.”

त्यानं पलंग पाहिला, खण उघडून कपडे पाहिले, फ्रिजवरचं चित्र पाहून हसला. “काही घरांत पायपुसण्यापलीकडे काही नसतं, बाई. तुमच्याकडे बघताक्षणी कळतं पोर राहतंय ते.” सही केली, गेला.

रुक्सी हळूच म्हणाली, “मी बरोबर खेळले?” मी तिला कवटाळलं आणि आणखी दोन धिरडी केली. कोद्रुत्साला कळवलं. तिनं अंगठ्याचं चित्र पाठवलं.

५ मे, ईस्टर

रुक्सी आईबरोबर गावी. कोद्रुत्सा ‘दुपारी नक्की’ म्हणाली होती. गोड पाव केला, कोबीच्या पानांतला खिमा केला, बारा अंडी लाल रंगवली. तीनला तिचा निरोप आला, सासरकडचे अचानक आले.

ईस्टरचं अंडं दुसऱ्याच्या अंड्यावर आपटून फोडायचं, ज्याचं टिकलं तो जिंकला; त्याला समोर कुणी लागतं. पाचपर्यंत वाट पाहून एक अंडं उजव्या हातात, एक डाव्या हातात घेतलं आणि एकावर एक आपटलं. उजवा हात जिंकला. मग मोठ्यानं रडले. खिडक्या लावलेल्या होत्या.

२३ मे

शाळेच्या दारावर याद्या लागल्या. जागा शंभर, अर्ज दीडशेच्या वर. ‘ब्रेतान इलिंका’ तेराव्या ओळीत. छापील, माझ्या पत्त्यासकट. मला इतका आनंद झाला की मागे कोण उभं आहे ते पाहिलंच नाही.

दोरिना होती. तिचं बोट पहिल्या ओळीपासून शंभराव्यापर्यंत खाली आलं. मग पुन्हा वरून सुरू झालं. रुक्सीचं नाव दुसऱ्या कागदावर होतं, तेवीस नंबरच्या.

“शंभर,” ती म्हणाली. “यातली निम्मी पोरं मी या अंगणात कधी पाहिली नाहीत काकू.”

२६ मे, रविवार

रविवारी आल्या एकदाच्या! म्हणजे कोद्रुत्सा आली. दारातच चॉकलेटचा मोठा डबा हातात दिला.

“आत तरी ये. पलंग बघ. इलिंका कुठे आहे?”

“गाडीत. झोपलीये. काकू, तुमचे उपकार विसरणार नाही. आणि आता फ्लोतांतची काही गरज नाही, मुदत संपली की आपोआप जाईल. तुम्ही काळजीच करू नका.”

खिडकीतून पाहिलं. इलिंका झोपलेली नव्हती. काचेला नाक लावून बसली होती. मी हात हलवला. तिनं पाहिलं, आणि कोण बाई ही, अशा चेहऱ्यानं आईकडे वळली.

खाली रुक्सी दोरीवरच्या उड्या मारत होती. मला बघून ओरडली, “खालची आजी, चाळीस झाल्या!” मी पडदा ओढून घेतला.

२८ मे

दोरिनाला कळलं. रुक्सीनंच सांगितलं, कौतुकानं : ‘पोलीस आले तेव्हा मी इलिंका झाले होते.’

मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, पिंत्या बाहेर येतील. दोरिना आत आली आणि घर पाहत राहिली. पलंग, सपाता, ब्रश. फ्रिजपाशी गेली. तिला वाचता येतं.

“हे घर रुक्सीनं काढलंय. वरच्या खिडकीत ती आहे,” ती म्हणाली. “रोज इथे होती ती. तुम्ही फक्त खरं लिहायचं होतं.”

चित्र काढून घडी केली आणि घेऊन गेली. त्यानंतर डोक्यावर पाय वाजलेला नाही. पोरीला मोजे घालून चालायला सांगितलं असणार.

सहा महिने ज्या पोरीची वाट पाहत खिडकीत बसले, ती मला ओळखत नाही. आणि जी रोज येत होती तिच्यामागे मी दाराची मूठ पुसत राहिले. एवढंच लिहिते. पुढचं लिहवत नाही.

२९ मे

नोंदणी कचेरीत गेले. रांगेत दोन तास. काचेमागच्या मुलीला स्वच्छ सांगितलं : मी खोटं बोलले. इलिंका ब्रेतान माझ्याकडे राहत नाही. तिची जागा काढून घ्या.

तिनं संगणकात पाहिलं. “पोलिसांच्या अहवालात आहे, ‘मूल प्रत्यक्ष घरी आढळले’.”

“ती इलिंका नव्हती. ती वरच्या मजल्यावरची रुक्सांद्रा होती. जागा तिची आहे.”

“वरचा मजला म्हणजे घर क्रमांक अकरा?” पुन्हा बटणं दाबली. “तिथे कोणीच राहत नाही, बाई.”

“अहो, माझ्या डोक्यावर राहतात! अडीच वर्षं!”

“रिकामं आहे ते. आणि याद्या आता पक्क्या झाल्या.” मग आवाज खाली आणला, “खोट्या जबाबाला शिक्षा असते, आजी. मी काही ऐकलं नाही. घरी जा, चहा घ्या.”

शाळेतही गेले. मुख्याध्यापिकेनं बाकं दाखवली. तिसरं पोर बसतं तिथे चौथं बसवू का, विचारलं.

येताना पिंत्यांना जिन्यात गाठून सांगितलं की माझं फ्लोतांत खोटं होतं. ते तसेच वर निघून गेले, नमस्कारही न करता.

३० जून

काही नाही.

१४ जुलै

टपालपेटीत वीजबिल. माझं.

११ ऑगस्ट

रुक्सी जिन्यात दिसली. “आई म्हणते खाली जायचं नाही,” म्हणाली आणि खाली जायचं नाही तर काय करायचं हे न कळून तिथेच पायरीवर उभी राहिली. मीही उभी राहिले. मग वरून दोरिनानं हाक मारली.

१ सप्टेंबर

वर गेले. अडीच वर्षांत पहिल्यांदा. एक खोली, त्यात दोन पिशव्या भरलेल्या, पोरीच्या. गावी पाठवायच्या.

मी जिना चढताना वाक्यं जुळवली होती, सगळी विसरले. “मी नेईन तिला तेवीसला,” म्हणाले. “रोज. आणीन पण. पहाटे माझ्याकडे आणून झोपव आणि जा कामाला. माझे पाय अजून चालतात.”

दोरिना पिशवीची चेन लावत होती. लावली, उघडली, लावली. “मला दुसरं कुणी नाही काकू, म्हणून हो म्हणते. माफ केलं असं समजू नका.”

“नाही समजत.”

“दारापर्यंत सोडायचं. आणि तिला काही खोटं बोलायला लावायचं नाही.”

९ सप्टेंबर, सोमवार

शाळेचा पहिला दिवस. सव्वापाचला दोरिनानं पोरगी झोपेतच माझ्या हातात दिली. जड झाली आहे. पिवळ्या चादरीवर निजवलं आणि सातपर्यंत शेजारी खुर्चीवर बसून राहिले, उठायला उशीर होईल या भीतीनं.

शिक्षिकेसाठी डेलियाची फुलं घेतली. अंगणात सतरा नंबरच्या पोरांची गर्दी, प्रत्येकाच्या हातात पुष्पगुच्छ. इलिंका दिसली, दोन वेण्या, आईचा हात धरलेला. कोद्रुत्साला कुणाशी तरी एकदम बोलायचं आठवलं. आम्ही थांबलो नाही.

पुलाच्या पायऱ्या रुक्सीनं मोजल्या, मध्येच चुकली. खाली मालगाडीचे डबे जोडत होते, दणका बसला की ती माझा हात घट्ट धरायची. सगळ्या वाटेत ती फारसं बोलली नाही. मी मे महिन्याचं काही काढलं नाही, तिनंही नाही. मला वाटलं विसरली असेल, सहा वर्षांचं तर पोर.

तेवीस नंबरच्या दारात एक तरुण शिक्षिका यादी घेऊन उभी होती. फुलं घेतली, हसली, खाली वाकली. “ये गं. नाव काय तुझं?”

 शिक्षिकेनं पुन्हा विचारलं. तशी पोरीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, त्या दिवशी पोलिसासमोर पाहिलं होतं अगदी तसंच, आणि माझी बाही ओढून हळू आवाजात विचारलं,

“खालची आजी, आज मी कोण व्हायचं?”

शिक्षिकेला गंमत वाटली, ती हसत माझ्या उत्तराची वाट बघत राहिली. मी तिचं खरं नाव सांगितलं. दोनदा सांगितलं, एकदा शिक्षिकेला, एकदा रुक्सीला.